शेवटच्या गाडीआधीचा सामना

दयारामभाऊ मेश्रामांना किती वाजले असं विचारलं, तर ते घड्याळातला आकडा सांगत नसत. "मूलची सुटली, राजुऱ्याची लागून राह्यली," असं म्हणत. ऐकणाऱ्यानं त्यावरून समजून घ्यायचं, की साडेदहा होऊन गेले. चंद्रपूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी झाली होती. भाऊ निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातलं वेळापत्रक काही निवृत्त झालं नाही. कुणी लग्नाची पत्रिका दिली, की आधी मुहूर्त वाचत आणि म्हणत, "गोरज मुहूर्त काऊन धरला जी? आलापल्लीची शेवटची गाडी साडेपाचले जाते. नवरीकडचे मानसं मांडवातच झोपतीन का?"

बुटकी, भरलेली चण, आखूड मान, आणि डावा कान पिळून वाळत घातल्यासारखा दुमडलेला. तो कान कबड्डीनं दिला होता. तरुणपणी ते डाव्या कोपऱ्याला खेळत. चढाई करणाऱ्याचा घोटा धरला की सोडायचा नाही, एवढंच आपल्याला येत होतं, असं ते सांगत. आवाज मात्र अजून स्थानकातल्या भोंग्याचाच होता. महत्त्वाची गोष्ट ते नेहमी दोनदा बोलत. एकदा मी हसलो तेव्हा म्हणाले, "एक डाव सांगतलेलं कानात जाते भाऊ, दुसऱ्या डावाले सांगतलेलं डोक्यात."

त्यांची माझी ओळख भांडणातून व्हायला हवी होती. ती तशी झाली नाही, याचं श्रेय त्यांचं.

काही वर्षांपूर्वी राज्यात मुलींच्या कबड्डीची मोठी लीग सुरू झाली. संघ सहा. त्यातले पाच मोठमोठ्या शहरांचे, आणि सहावा चंद्रपूरचा. आमच्या भागातल्या एका राइसमिलवाल्यानं अभिमानापोटी तो घेतला होता. मी तेव्हा एका दैनिकात खेळाचं पान बघत होतो. मी लिहिलं, की हा संघ इथं टिकणार नाही. विमानतळ नाही, धड एकच बंदिस्त क्रीडागृह, पाहुण्या संघांना उतरवायला मोजकी हॉटेलं, आणि उन्हाळा असा की डांबराला पाय चिकटावा. मोठी लीग मोठ्या शहरांत शोभते. लहान शहरानं तिचा पाहुणचार करावा, यजमानपणाचा हट्ट धरू नये. लेखाला मी मथळा दिला होता, 'हौसेला मोल नाही आणि प्रेक्षकही नाही'. मथळ्यावर मी स्वतःच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी भाऊ कचेरीत आले. खिशातून कात्रण काढलं, टेबलावर ठेवून हातानं सरळ केलं.

"हे तुमीच लिवलं का जी?"

मी हो म्हणालो आणि खुर्ची जरा मागे घेतली.

"खरं लिवलं. सारं खरं लिवलं," ते म्हणाले. "पन तुमी चंद्रपूर मोजलं ते जटपुरा गेटपासून पठाणपुरा गेटपर्यंत मोजलं. कोटाच्या आतच फिरून राह्यले तुमी. उद्या सकाळी स्टँडवर या. चहा पाजतो."

मी गेलो. त्यांनी मला फलाट क्रमांक चारच्या खांबापाशी उभं केलं आणि येणाऱ्या गाड्यांतून उतरणारी माणसं दाखवायला लागले. "हा मानूस मुलचेऱ्याचा. कोर्टाची तारीख हाय त्याची. हे बाई अहेरीकडची, लेकीचा एक्सरे काढाले आली. हे दोघं मोटारीचा पार्ट घ्याले आले. ते पोट्टी नर्सिंगले शिकते, डबा घेऊन तिचा बाप आला. आता त्याईले कोनी इचारते का, चंद्रपूर मोठं शहर हाय का लहान? त्याईच्यासाठी शहर म्हंजे हेच. दुसरं हायच कुठी?"

"पण भाऊ, ही माणसं कामाला येतात. कबड्डीला कशी येतील?"

"झाडीपट्टीतल्या गावात नाटक असलं तं मानसं येत नाई का? बैलबंडीनं येत होते, आता टेम्पोनं येते. येण्याची फिकर नाई भाऊ. फिकर वापस जाण्याची असते. मानूस घरातून निघतानीच इचार करते, वापस कसा येऊ म्हून."

मला पटलं असं नाही. पण पुढचा लेख लिहायला घेतला होता, तो मी फाडून टाकला.

पहिला हंगाम माझ्या लेखासारखाच गेला. सामने रात्री आठला लागत, कारण मोबाइलवरच्या थेट प्रक्षेपणाला ती वेळ सोयीची होती. गावातली काही मंडळी येत, संघमालकाचे कामगार येत, बाकी निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. भाऊंना मालकानं प्रेक्षकांची व्यवस्था बघायला घेतलं होतं. सामना चालू असताना ते मॅटकडे पाठ करून उभे राहत आणि गॅलरीकडे बघत. "खेळ तं होतेच," म्हणत. "मानसं पाहाले पाह्यजे." आणि बघायला माणसं नसत.

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर लीगकडून इनामदार नावाचे अधिकारी आले. सौम्य, नीटनेटके गृहस्थ. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी मालकाला सरळ सांगितलं, की उरलेले सामने दुसऱ्या शहरात न्यायचा विचार चालला आहे. मी बातमीसाठी बसलो होतो. भाऊ दाराशी उभे होते. ते पुढे आले.

"साहेब, सामना दुपारी तीनले ठेवा."

इनामदार हसले. "मेश्रामसाहेब, दुपारी तीनला कबड्डी कोण बघतं? लोक कामावरून घरी येतात, जेवतात, मग सामना लावतात."

"ते तुमच्याकडचे लोक जी. आमच्याकडची बाई सामना पाहाले आली, तं तिले संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवाची हाय. आलापल्लीची शेवटची गाडी साडेपाचले. तुमचा सामना आठले. आता तुमीच सांगा, तिनं काय कराचं? रातभर स्टँडवर बसाचं का?"

इनामदारांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

"एक रविवार देतो," ते शेवटी म्हणाले. "एकच. मी स्वतः येईन. हॉल रिकामा दिसला तर सामने जातील, आणि पुढच्या वर्षी संघाच्या नावातून चंद्रपूरही जाईल."

"एकच पाह्यजे," भाऊ म्हणाले. "एकच पाह्यजे."

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना विचारलं, की तुम्ही एवढा जीव का टाकता? संघ तुमचा नाही, मुली तुमच्या नाहीत. ते थोडा वेळ दुमडलेला कान चोळत राहिले.

"मले बी एक डाव मोठ्या शहरानं बोलावलं होतं," म्हणाले. "कंपनीची टीम होती. गेलो. चांगला खेळलो भाऊ, खोटं नाई सांगत. एका सामन्यात सात पकडी केल्या. हे टाळ्या वाजल्या! मी मान वर करून पाह्यलं, तं एक बी तोंड ओळखीचं नोहतं. खोलीवर आलो, जेवलो, झोपलो. सांगाले कोनी नाई. महिन्याच्या आत वापस आलो."

"पस्तावा झाला?"

"वापस आल्याचा नाई. पन माह्या बापानं मले खेळतानी कधीच पाह्यलं नाई. ते राह्यलंच."

पुढचे तीन आठवडे भाऊ घरी सापडले नाहीत. थंडीचे दिवस होते, धानाची मळणी आटोपली होती, माणसं जरा मोकळी होती. ते रोज एक गाडी धरून एकेका गावाला जात. गाड्यांचे चालक-वाहक त्यांना अजून 'कंट्रोलरसाहेब' म्हणत आणि पुढची सीट देत. रविवारच्या जादा गाड्यांसाठी त्यांनी आगारात रीतसर अर्ज दिला होता, आणि तो मंजूर होईपर्यंत रोज सकाळी जाऊन शांतपणे बाकावर बसत. मंजूर झाला.

एकदा मीही त्यांच्याबरोबर मुलचेऱ्याला गेलो. तिकडची बरीच गावं बंगाली लोकांची. निर्वासित म्हणून आले, जंगल हटवून शेती केली आणि इथलेच झाले. एका गावात विश्वास मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आम्हाला मुरमुरे दिले, तळ्यातली मासळी खाऊन जाण्याचा आग्रह केला, पण कबड्डीचं नाव निघताच मान हलवली. "दादा, हम लोग तो फुटबॉल का आदमी है. कबड्डी में हमारा क्या काम?"

"हव, बरोबर हाय," भाऊ म्हणाले. "चंद्रपूरले फुटबॉलची टीम येईन तवा मी तुमच्या गावासंग येऊन बसतो. मले फुटबॉलमधलं काईच समजत नाई, तरी बसतो. आता कबड्डीची आली तं तुमी या. टीम तं आपलीच हाय का नाई?"

मास्तर मुरमुरे चघळत विचार करत राहिले. मग म्हणाले, "गाडी वापस छोड़ेगी ना? गाँव तक?"

भाऊंनी माझ्याकडे वळून असं बघितलं, की मला वही उघडावीच लागली.

परतताना आम्ही आलापल्लीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो. तिथून आत, सागाच्या जंगलाला लागून, कुसुम मडावीचं गाव. कुसुम आमच्या संघाची मुख्य चढाईपटू. काटक, अबोल मुलगी. एका मोठ्या शहराच्या संघानं तिला विचारलं होतं, हे मला माहीत होतं. तिनं मला एवढंच सांगितलं होतं, "तिकडं खेळीन तं माय मले कवा पाहीन?"

तिची आई अंगणात टोपली विणत बसली होती. भाऊंनी सामन्याचं सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "खेळते म्हंते. दूरदूर जाते. काय खेळते, मले काय मालूम."

"म्हूनच आलो बाई," भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. "रविवारी सकाळी नऊले फाट्यावर उभ्या राहा. गाडी थांबन, मी सांगून ठेवलं हाय. रातच्या जेवणाआधी तुमाले तिथीच आणून सोडतो." मग तेच सगळं पुन्हा एकदा, सावकाश, शब्दाला शब्द. त्या बाईनं विणणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं, ते दुसऱ्या वेळी.

तो रविवार उजाडला. इनामदार अडीचला येऊन बसले. पावणेतीनला हॉलमध्ये चंद्रपूरची माणसं बऱ्यापैकी जमली होती, पण पूर्वेकडची सगळी बाजू रिकामी. तीच बाजू भाऊंनी गाड्यांनी येणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. एकही गाडी पोचली नव्हती. मग एका वाहकाचा फोन आला, की वाटेतल्या आष्टीच्या पुलाअलीकडे एक ट्रक आडवा झाला होता, सगळ्या गाड्या त्याच्यामागे एका रांगेत अडकल्या होत्या, आता सुटून येतायत.

भाऊ फोन हातात धरून दाराशी उभे राहिले. एखादी गाडी नेमकी कुठं आहे हे त्यांना माहीत नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी इनामदारांकडे जाऊन अर्धा तास मागितला. इनामदारांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती. "खेळ तीनला सुरू होईल," ते म्हणाले. "माझ्या हातात नाही, मेश्रामसाहेब."

खेळ तीनला सुरू झाला. आमच्या मुली बिचकल्यासारख्या खेळत होत्या. कुसुम चढाईला जायची आणि मधेच तिची नजर त्या रिकाम्या बाजूला सरकायची. दोनदा ती पकडली गेली. दहा मिनिटांत आम्ही इतके मागे पडलो, की मी वहीत पराभवाचं पहिलं वाक्य लिहून टाकलं. आजही ती वही माझ्याकडे आहे, ते वाक्य खोडलेलं.

मध्यंतर झालं. आणि दाराकडून आधी आवाज आला, ढोलाचा. पण आमच्याकडचा ढोल नव्हे. विश्वास मास्तरांच्या गावानं दुर्गापूजेतला ढाक बरोबर आणला होता. गळ्यात ढाक अडकवलेला माणूस दारातून तिरका होऊन आत शिरला, त्याच्यामागे मास्तर, त्यांच्यामागे सगळं गाव. मग पुढची गाडी, तिच्यामागची. बाया लुगडी सावरत, लेकरं कडेवर, हातात पाण्याच्या बाटल्या आणि भाकरीची फडकी. अडीच तास रस्त्यावर अडकून पडल्याचं कुणाच्या तोंडावर दिसत नव्हतं. कुठं बसायचं, हे भाऊ हात करून दाखवत होते. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, आणि मागच्या भिंतीला लागून लोक उभे राहिले.

उत्तरार्धाची दुसरी चढाई कुसुमची होती. रेषेवर ती क्षणभर थांबली. तिसऱ्या रांगेत तिची आई उभी होती. खाली बस म्हणून बाजूच्या बाया तिचा पदर ओढत होत्या आणि ती बसत नव्हती. कुसुम आत गेली, एकीला पायानं शिवली, तिघींनी तिला धरलं, आणि ती त्या तिघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आली. हाताचं एक बोट रेषेपलीकडे टेकलं. चौघी बाद. ढाक वाजवणाऱ्याला कबड्डी कळत नव्हती, तरी त्यानं नेमकं तेव्हाच वाजवलं.

सामना बरोबरीत सुटला. जिंकलो असतो तरी तो हॉल याहून मोठ्यानं ओरडला नसता.

गलका शमायच्या आत भाऊंनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. "आलापल्लीकडे जानाऱ्या प्रवाशांनी पश्चिमेच्या दारानं निघावं. मुलचेऱ्याच्या दोन्ही गाड्या झाडाखाली उभ्या हायेत. लेकरं मोजून घ्या. लेकरं मोजून घ्या." हॉलभर हशा पिकला. पण माणसं उठली, आणि इतक्या शिस्तीत बाहेर पडली, की इनामदार खुर्चीवरून उठून त्यांच्यामागे चालायला लागले. मीही गेलो.

गाडीच्या दाराशी कुसुमची आई मागे वळून बघत उभी होती. इनामदारांनी तिला विचारलं, "मावशी, एवढा त्रास झाला रस्त्यात. परत याल का सामना बघायला?"

तिला तो प्रश्न विचित्र वाटला असावा. "गाडी असन तं येऊ ना," ती म्हणाली. "काऊन नाई येणार?"

इनामदार गाडीपासून मागे वळले. मग त्यांनी भाऊंना हाक मारली. "मेश्रामसाहेब, पुढच्या रविवारी तुमच्या गाड्या मोकळ्या आहेत का?"

भाऊंनी मान डोलावली. शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत ते ताठ उभे होते. ती गेल्यावर खाली फरशीच्या कडेला बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि किती दिवसांचा श्वास एकदम सोडला. मी शेजारी बसलो. फार बरं वाटत होतं.

सामने इथंच राहिले. नावही राहिलं. पुढच्या हंगामात आमचे सगळे सामने रविवारी दुपारी झाले, आणि ज्या शहरांना विमानतळ होता त्यांच्यापैकी एकाचा संघ प्रेक्षकांअभावी बंद पडला. मला त्याचा आनंद झाला नाही, पण मी माझ्या चुकीबद्दल एक लेख लिहिला. भाऊंनी तो वाचला आणि म्हणाले, "आता आले तुमी कोटाच्या भायेर."

भाऊ गेले त्याला आता बराच काळ झाला. पावसाळ्यात, घरीच, थोड्याच दिवसांच्या आजारानं. त्याआधीच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी आलापल्लीला निघालो होतो आणि ते त्याच गाडीत गोंडपिपरीला. कुसुम तिथं शाळेच्या मैदानावर लहान मुलींचं शिबिर घेत होती. मैदान आखायला चुना मिळेल न मिळेल, म्हणून भाऊंनी चंद्रपुरातून चुन्याची एक गोणी घेतली होती आणि ती मांडीवर धरून बसले होते. मी खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, "फुटन जी." वाटेत त्यांना झोप लागली. गोणीवर हनुवटी टेकून झोपले होते.

गोंडपिपरीला मी त्यांना उठवलं. ते उतरले, गोणी खांद्यावर घेतली आणि मैदानाकडे चालू लागले. मैदान रस्त्याला लागूनच होतं. खिडकीतून मला दिसत होतं. रेषा कधीच आखून झाल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, सरळ. मुली दोन बाजूंना उभ्या होत्या आणि कुसुम मधे उभी राहून काहीतरी सांगत होती. येणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

भाऊ कडेला थांबले. त्यांनी त्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितल्या. कुणाला हाक मारली नाही. खांद्यावरची गोणी खाली उतरवली, तिच्यावर हातानं थोपटलं, आणि लिंबाच्या सावलीत तिच्यावरच पाय पसरून बसले.